शाळांची पाहणी : कोणासाठी आणि कोणाच्या भाषेत?

शाळांमध्ये समाजशास्त्रीय संशोधन करणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे, अशी तक्रार विद्यापीठांच्या परिसंवादांतून आणि शिक्षणखात्याच्या बैठकांतून वारंवार ऐकू येते. शिक्षक सहकार्य करीत नाहीत, मुख्याध्यापक कागद दाखवीत नाहीत, पालक खरे बोलत नाहीत, मुले एका शब्दात उत्तर देऊन गप्प बसतात आणि परवानगीचा अर्ज महिनोन् महिने टेबलावरून हलत नाही, असे या तक्रारीचे स्वरूप असते. तक्रार खोटी नाही. परंतु तिच्यातला आरोपी चुकीचा आहे. ज्याला कोणत्याही पाहणीतून आजवर काहीच मिळालेले नाही त्याने दारावर येणाऱ्या प्रत्येक कागदवाल्यापुढे मन मोकळे करावे, ही अपेक्षा एका विशिष्ट वर्गाची आहे. आणि उत्तर मिळाले नाही की त्याच्या माथी ‘अनास्था’ मारून मोकळे होणे, ही त्याच वर्गाची जुनी सवय आहे. अडचण संशोधनाच्या तंत्राची नाही. शाळेत विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न वरून खाली येतो, आणि त्याच्या उत्तरावर कोणाचे तरी अनुदान, कोणाची तरी नोकरी किंवा कोणाचा तरी जातीचा दाखला अवलंबून असतो, ही खरी अडचण आहे. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर आणि त्याच्या भोवतालचे गुडे-तांडे डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते.

इस्लापूर हे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरचे गाव. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहायला जाणाऱ्यांना ते ठाऊक असते, इतरांना सहसा नसते. हैदराबाद संस्थानात हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात त्याचा नावानिशी उल्लेख आहे : आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ तालुक्याचे इस्लापूर मंडल, किनवट तालुका आणि राजुरा तालुका तत्कालीन मुंबई राज्यात आले, आणि १९६० साली महाराष्ट्रात. दिल्लीत लिहिलेल्या एका कलमाने येथल्या मुलाची शाळा, तिची भाषा आणि तिचे दप्तर बदलले. मुलाच्या घरची भाषा मात्र कोणत्याच कलमात नव्हती. गोंडांच्या कित्येक घरांत गोंडी बोलली जाते, कोलामांच्या पोडावर कोलामी, तांड्यावर गोरबोली. आंधांची मराठी पाठ्यपुस्तकातल्या मराठीहून निराळी. आणि बाजाराच्या दिवशी तेलुगू व दखनी उर्दू हमखास कानी पडते. या मुलापुढे प्रमाण मराठीतली प्रश्नावली ठेवायची, त्याने उत्तर दिले नाही की ‘आकलन कमी’ अशी खूण करायची, आणि अशा हजार खुणांची बेरीज करून तिला निष्कर्ष म्हणायचे, याला शास्त्र म्हणणे धाडसाचे आहे.

वास्तविक या मुलखात मुलाच्या भाषेचा प्रश्न विचारला गेलाच नव्हता असे नाही. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी कुमरम भीमू आणि त्याच्या गोंड साथीदारांवर गोळ्या चालविल्या. जमिनी सावकारांच्या व बाहेरच्या शेतकऱ्यांच्या घशात जात होत्या, जंगलखाते गुडे उठवीत होते. बंडाचे कारण एवढे उघड होते. परंतु राजवटीला ते समजून घेण्यासाठी एक मानववंशशास्त्रज्ञ लागला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन अभ्यासक तेव्हा हैदराबाद राज्यात होता. महायुद्धामुळे तो ब्रिटिशांच्या लेखी शत्रुराष्ट्राचा नागरिक होता, आणि तरी गोंडांचा प्रश्न उलगडण्याचे काम त्याच्याकडे आले, हा इतिहासातला एक विनोदच म्हणायचा. त्याने गोंडांमध्ये राहून अहवाल लिहिले, आणि १९४३ साली मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतील वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले. याच जिल्ह्यात काम केलेले हैदराबाद राज्याचे एक मराठी अधिकारी सेतुमाधवराव पगडी, जन्माने लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे, यांनी गोंडी आणि कोलामीचा अभ्यास करून त्यांची व्याकरणे लिहिली. पुढे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती झाली. हे काम मात्र मराठवाड्यातल्या शिक्षकांनाही फारसे ठाऊक नाही.

यात निजामाच्या राजवटीचे गुणगान करण्यासारखे काही नाही. ते संशोधन गोळीबारानंतर आले होते, आणि पुन्हा गोळीबार करावा लागू नये यासाठी आले होते. तरीही त्याचा क्रम बरोबर होता : आधी माणूस कोठे राहतो, काय बोलतो, त्याची जमीन कोणी घेतली हे पाहायचे आणि मग शाळा काढायची. लोकशाही राज्याने हा क्रम उलटा केला. आधी शाळा काढली, मग तिचा पट मोजला, आणि पट जमेना तेव्हा माणसाची चौकशी सुरू केली. शिक्षण शक्यतो मुलाच्या मातृभाषेतून असावे असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम सांगते. ‘शक्यतो’ या एका शब्दात गोंडी आणि कोलामी दोन्ही बुडाल्या.

पट मोजण्याची गोष्ट निघाली की नांदेड जिल्ह्याचे नाव घ्यावेच लागते. राज्यातील शाळांच्या पटावर लाखो खोटी नावे आहेत हे कार्यकर्ते वर्षानुवर्षे सांगत होते; ते सरकारी कागदावर प्रथम याच जिल्ह्यात आले. डॉ. श्रीकर परदेशी हे जिल्हाधिकारी असताना येथे एकाच वेळी शाळांची तपासणी झाली आणि लाखावर नावे केवळ कागदावर असल्याचे उघड झाले. त्यानंतर राज्य सरकारला हलावे लागले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत महाराष्ट्रातील सर्व शाळांची पटपडताळणी झाली. एक मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदानात लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावण्यात आली. सुमारे वीस लाख नावांची मुले वर्गात सापडली नाहीत. चौदाशेहून अधिक शाळांत निम्म्यापेक्षा जास्त पट गैरहजर होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, कारवाईची आश्वासने झाली, आणि शिक्षणसम्राटांनी वकील नेमले.

या मोहिमेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. न आलेल्या मुलांची खिचडी, न शिवलेले गणवेश, न नेमलेल्या तुकड्यांचे पगार यांवर पोसलेली संस्थांची एक जमात तिने उघडी पाडली. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासातील शाळांची ही बहुधा सर्वांत मोठी पाहणी होती, आणि तिने एकच प्रश्न विचारला : मूल आहे की नाही? नसेल तर ते कोठे आहे, हा दुसरा प्रश्न तिच्या तक्त्यात नव्हता. अनुपस्थित असलेले मूल आणि अस्तित्वातच नसलेले मूल यांतला फरक शाईला कळत नाही. संस्थाचालकाने रचलेले खोटे नाव आणि बापाच्या मागोमाग वीटभट्टीवर गेलेल्या मुलीचे खरे नाव, दोन्ही एकाच रकान्यात पडली. चोरी पकडताना चोरीला गेलेल्या मुलांचीच चौकशी राहून गेली.

आणि तारखाही पाहाव्यात. २०११ साली दसरा ६ ऑक्टोबरला होता. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या तांड्यांवर येतात. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता अशा हिशेबाने टोळ्या भरल्या जातात आणि पश्चिम महाराष्ट्रातील, कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे रवाना होतात. बरोबर धाकटी मुले असतात, आणि धाकट्यांना सांभाळायला थोरली बहीण असते. ती चौथीत किंवा पाचवीत असते. गाळप संपून ही माणसे परत येतात तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते. म्हणजे पडताळणी झाली ती तांडा रिकामा होण्याच्या नेमकी आधी. तीच पडताळणी जानेवारीत झाली असती तर बोटांवरची शाई आणखी बरीच वाचली असती, पण मग ‘बोगस’ हा शब्द पुरला नसता; उचल, मुकादम, कारखाना आणि सहकाराचे महर्षी या सगळ्यांची नावे त्या तक्त्यात घ्यावी लागली असती. हेतुपुरस्सर तारीख निवडली गेली असे कोणी म्हणणार नाही. परंतु शाळेचे पंचांग पाहणाऱ्या राज्याला उसाचे पंचांग दिसत नाही, एवढे तरी मान्य करावे लागेल.

घरोघर जाऊन होणाऱ्या पाहण्यांचीही तीच गत आहे. २००५ पासून ‘असर’ ही पाहणी गावात, घरात जाऊन मुलाला प्रत्यक्ष वाचायला लावते, शाळेच्या दप्तरावर विसंबत नाही. पद्धती म्हणून हे पुढचे पाऊल आहे, आणि चौथी-पाचवीतल्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही हे देशापुढे त्या पाहणीनेच ठेवले. पण दाराला कुलूप असेल तर कोणत्याही पाहणीतला माणूस शेजारच्या दाराकडे वळतो. तांड्यावर कुलूप असलेले दार हेच उत्तर असते. ते उत्तर नोंदविण्याची जागा छापील कागदावर नसते.

आता शिक्षकाकडे वळू. शिक्षक खोटी माहिती भरतो, असे केंद्रप्रमुखापासून सचिवापर्यंत सर्वांचे मत असते. तो ती का भरतो, हे मात्र विचारले जात नाही. पटसंख्येवरून संचमान्यता ठरते. संचमान्यतेवरून त्याचे पद राहते किंवा तो अतिरिक्त ठरून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. २०१७ साली दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिसळण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले; राज्यात अशा शाळा चौदा हजारांच्या वर होत्या. कोलामांच्या वीस-पंचवीस घरांच्या पोडावर वीस मुलांचा पट कोठून आणायचा? म्हणजे एका बाजूला आकडा फुगला तर फौजदारीची भीती आणि दुसऱ्या बाजूला आकडा उतरला तर शाळेला कुलूप. या कात्रीत सापडलेल्या गुरुजीपुढे संशोधक येऊन बसतो आणि निर्व्याज वस्तुस्थितीची अपेक्षा करतो! उत्तर द्यायला त्याला वेळ तरी आहे काय? शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका सोडून अन्य अशैक्षणिक कामांना शिक्षक जुंपण्यास मनाई केली आहे. तरी यू-डायस, सरल आणि दर पंधरवड्याला येणारे नवे तक्ते भरण्यात त्याचा दिवस जातो. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला तेव्हा शाळा प्रगत झाली हे जाहीर करण्याची जबाबदारीही त्याच्याच गळ्यात आली. स्वतःच्या पेपरावर स्वतःच गुण द्यायचे आणि कमी दिले तर स्वतःच शिक्षा भोगायची, अशी ही परीक्षा. तिच्यात कोण नापास होणार?

पालकाच्या खोटे बोलण्याची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर हे वरवर पाहता मुलांच्या नावांचे पुस्तक. प्रत्यक्षात तो जातपडताळणी समितीपुढचा पुरावा आहे. आजोबाच्या नावापुढे गुरुजीने कोणती जात लिहिली, यावर नातवाचा वैद्यकीय प्रवेश किंवा नोकरी ठरते. सीमेवर हा पेच आणखी घट्ट होतो. तांड्यावरचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्याचाच सोयरा पलीकडे बोथच्या बाजूला, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, अनुसूचित जमातीत आहे. सोयरीक एक, बोली एक, आणि सरकारदरबारी जमात मात्र वेगळी. येथे ‘आपली जात-जमात कोणती?’ हा प्रश्न प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर छापणारा संशोधक तो माहितीचा एक साधा रकाना समजतो. उत्तर देणाऱ्याला मात्र तो कोर्टातला प्रश्न वाटतो, आणि त्याचे वाटणे बरोबर आहे.

या रजिस्टरांविषयी एक गोष्ट विसरता कामा नये. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकालीन आणि नंतरचे अभिलेख धुंडाळण्यात आले. त्यात महसुली कागद होते तशी शाळांची जुनी रजिस्टरेही होती. मोडी आणि उर्दू वाचणारे शोधले गेले, कोट्यवधी नोंदी पाहिल्या गेल्या. मागणी योग्य की अयोग्य हा येथे मुद्दा नाही. मुद्दा असा की राजकीय निकड असली म्हणजे राज्याला कसर लागलेली रजिस्टरेसुद्धा वाचता येतात. त्याच रजिस्टराच्या शेवटच्या रकान्यात ‘शाळा सोडल्याचे कारण’ लिहिलेले असते. कोणत्या गुड्यावरच्या किती मुली कोणत्या वर्षी तिसरीत, चौथीत गळल्या, हे त्या रकान्यांवरून पिढ्यांमागून पिढ्या मांडता येईल. जातीचा रकाना वाचला गेला. हा वाचायला मात्र आजवर समिती नेमली गेली नाही.

आश्रमशाळांविषयी थोडक्यातच लिहिणे भाग आहे, कारण आत काय चालते ते कळण्याची वाटच अरुंद आहे. किनवटला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. आश्रमशाळेत शिरायचे तर त्या खात्याच्या परवानगीने, आणि बहुधा त्या खात्याच्या माणसासमवेत. अधीक्षक दाराशी उभा असताना ‘जेवण कसे असते?’ असे विचारले तर साठ मुले एका सुरात ‘चांगले’ म्हणतात. ते साठ प्रतिसाद नव्हेत, एकच प्रतिसाद आहे आणि तोही अधीक्षकाचा. २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने राज्यातील आश्रमशाळांतल्या हजारावर मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न राज्यपालांपुढे मांडला. एवढी मुले जाईपर्यंत ज्या शाळांतून आवाज बाहेर येत नाही, त्या शाळांत प्रश्नावली वाटून ‘विद्यार्थ्यांचे समाधान’ मोजणारे प्रबंध लिहिले जात असतील तर ते कोणत्या कामाचे?

विद्यापीठीय संशोधनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. आय. पी. देसाई यांनी पुण्यातील माध्यमिक शाळांच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास १९५३ सालीच प्रसिद्ध केला. सुमा चिटणीस यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांविषयी देशव्यापी पाहणीवर आधारलेला ग्रंथ १९८१ मध्ये दिला. शाळा ही जातिवर्गाच्या बाहेरची पवित्र जागा नव्हे, हे या कामांनी दाखविले. परंतु हे अभ्यास मुख्यतः माध्यमिक शाळेपर्यंत किंवा महाविद्यालयापर्यंत पोचलेल्यांचे होते. चौथीत थांबलेली मुलगी त्या नमुन्यात येऊच शकत नव्हती. पुढच्या काळात तर संशोधनाची नजर आणखी वर सरकली. ‘लातूर पॅटर्न’वर भाषणे झाली, लेख झाले, शिकवण्यांचा एक बाजार उभा राहिला. लातूरच्या गुणवंतांचे कौतुक अवश्य व्हावे, ते कष्टाचे यश आहे. पण लातूरच्या मुलाला नव्वदावर आणखी किती गुण मिळाले याचा हिशेब ज्या मराठवाड्यात चोख ठेवला जातो, त्याच मराठवाड्यात इस्लापूरकडच्या मुलाला पाचवीत वाचता का येत नाही याचे उत्तर ‘पालकांची अनास्था’ या दोन शब्दांत संपते. उचल घेऊन पाच महिन्यांचे श्रम आगाऊ विकणाऱ्या बापापुढे आस्थेचे कोणते पर्याय उरतात, हे त्या दोन शब्दांना विचारावे.

खरे तर शाळेचे समाजशास्त्र म्हणजे काय, हे महाराष्ट्राला पाश्चात्यांकडून शिकावे लागले नव्हते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले त्याचा गाभाच हा होता : सरकारच्या तिजोरीत पैसा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या मुलांवर होतो. पैसा कोणाचा आणि शिकतो कोण, हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा अमेरिकेतल्या कोलमन अहवालाला ८४ वर्षे अवकाश होता. १९६६ च्या त्या अहवालासाठी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी झाली, तेव्हा तेथील अनेक मोठ्या शहरांच्या शाळा-मंडळांनीही माहिती देण्याचे नाकारले होते. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळांची तुलना त्यांना परवडणारी नव्हती. म्हणजे शाळेची दारे संशोधकासाठी बंद होतात ती अडाण्यांच्या मुलखातच होतात असे नाही. जेथे उत्तर गैरसोयीचे असते तेथे ती बंद होतात.

याच्या अगदी उलट उदाहरण इटलीतले आहे. फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची छोटी वस्ती. सरकारी शाळेने नापास करून बाहेर काढलेली शेतमजुरांची मुले तेथे लोरेन्झो मिलानी या पाद्र्याकडे शिकत होती. १९६७ साली त्या मुलांनी मिळून आपल्या जुन्या शिक्षिकेला उद्देशून एक पुस्तक लिहिले, आणि त्यात नुसती कैफियत नव्हती, कोष्टके होती. कोणाची मुले नापास होतात, कितवीत होतात, बापाचा धंदा काय असतो, हे त्या मुलांनी स्वतः आकडे गोळा करून मांडले. ज्यांना संशोधनाचा ‘विषय’ करायचे त्यांनीच संशोधन केले. परवानगी कोणाची घ्यायची हा प्रश्नच उरला नाही.

येथे काही जुने सहकारी म्हणतील की पाहण्या आणि तक्ते हा प्रस्थापितांचा वेळकाढूपणा आहे. कार्यकर्त्याने मोर्चा काढावा, कोष्टके कशाला? या म्हणण्यात संताप आहे, विचार कमी आहे. शाळा बंद करण्याचा आदेश येतो तो आकडा घेऊन येतो. त्या आकड्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. पट सात आहे म्हणून शाळा बंद, असे गटशिक्षणाधिकारी म्हणेल तेव्हा पोडावर शाळेच्या वयाची मुले एकोणीस आहेत, त्यांतली आठ उसाच्या फडावर आहेत, चार आश्रमशाळेतून पळून आलेली आहेत, असे नाव-घर सांगून म्हणणारा कोणी पाहिजे. नसेल तर सात हाच आकडा खरा ठरतो. त्यानंतर निघणारा मोर्चा कुलपाच्या निषेधार्थ असतो. कुलूप लागण्यापूर्वीची वेळ निघून गेलेली असते.

तेव्हा मागणी करायची ती संशोधनाला सोपी परवानगी मिळावी अशी नाही. तशी परवानगी दिली तर त्याच प्रश्नावल्या दुप्पट वेगाने फिरतील. मागणी अशी असली पाहिजे की मुलांविषयीची कोणतीही पाहणी गोंडी, कोलामी आणि गोरबोली जाणणाऱ्या माणसांकडून त्या त्या भाषेत व्हावी; उसाच्या हंगामात एकदा आणि हंगामानंतर एकदा अशी दोनदा व्हावी; कुलूप असलेले घर सोडले जाऊ नये, ते ‘स्थलांतरित’ म्हणून मोजले जावे; पाहणीत मिळालेल्या पटावरून शाळा बंद करता येणार नाही अशी लेखी हमी शासनाने द्यावी, कारण त्याशिवाय एकाही गुरुजीने खरे बोलावे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोचत नाही. मुलाचे नाव कोठेही छापले जाऊ नये. आणि निष्कर्ष मुंबई-पुण्याला जाण्यापूर्वी ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांना वाचून दाखविले जावेत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. किनवट तालुक्यातील बरीच गावे १९८५ च्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी तेथील ग्रामसभेला अधिकार दिलेले आहेत. शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. ही समिती बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकाच्या वहीत सह्यांपुरती उरली आहे. तिच्या बैठकीत प्रवेश-निर्गम रजिस्टर उघडून शेवटचा रकाना मोठ्याने वाचायला लावणे, हे कोणत्याही कार्यकर्त्याला या आठवड्यातही करता येण्याजोगे काम आहे. तांड्यावरच्या एखाद्या दहावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन घरवार यादी करावी : मूल किती वर्षांचे, शाळेत कितवीपर्यंत, शेवटचे कधी गेले, घरातून फडावर कोण जाते, उचल किती आणि कोणाकडून. यादी गावाच्या ताब्यात राहावी, कार्यकर्त्याच्या पिशवीत नव्हे.

ती यादी ग्रामसभेपुढे कधी ठेवायची, हेही उसाचे पंचांग पाहूनच ठरवावे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव होतात, पण तेव्हा तोडणीवाला फडावर असतो आणि त्याची मुले कोपीत असतात. १ मेच्या ग्रामसभेपर्यंत बहुतेक टोळ्या परतलेल्या असतात. त्या दिवशी यादी वाचावी, चुकलेली नावे तेथेच दुरुस्त करून घ्यावीत, आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी तिची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.